पुसलेल्या फायलींचा शोध

घरातील मोलाची कागदपत्रे पेटीत जपून ठेवण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. जमिनीचा उतारा, जन्माचा दाखला, लग्नातील छायाचित्र अशा वस्तू त्या पेटीत असत आणि तिची किल्ली घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या कमरेला असे. १९४७ मध्ये देशाची फाळणी झाली, तेव्हा सिंधमधील असंख्य कुटुंबांना घरदार सोडून यावे लागले. त्यांपैकी हजारो माणसे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत राहिली. त्या छावणीचेच १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे तपासण्यासाठी १९५० मध्ये कायदा करण्यात आला. दावा मांडायचा म्हणजे पुरावा हवा. एका कागदाचे मोल किती असते, हे त्या वेळी अनेकांना कळून आले.

आज उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील काही घरांत त्या पेटीचे काम एक लहानसे यंत्र करते. त्यात एक किंवा अधिक हार्ड डिस्क असतात. ते घरातील वायफायच्या जाळ्याला जोडलेले असते, त्यामुळे घरातील प्रत्येकाला आपल्या फोनवरून किंवा संगणकावरून त्यात फायली ठेवता येतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास ‘नॅस’ म्हणतात. परंतु जुन्या पेटीला एकच किल्ली होती. या पेटीच्या किल्ल्या मात्र घरातील सर्वांच्या हाती असतात. जागा मोकळी करावी म्हणून कोणी जुना फोल्डर डिलीट करतो, आणि दिवंगत आजीने म्हटलेल्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण त्यातच होते, हे मागाहून ध्यानात येते. अशा वेळी ते कायमचे गेले असे समजून सारे हताश होतात. वस्तुतः पुष्कळदा ते गेलेले नसते.

असे का होते, हे समजण्यासाठी ग्रंथालयाचे उदाहरण घ्यावे. ग्रंथालयात कपाटांत पुस्तके असतात आणि कोणते पुस्तक कोठे आहे हे सांगणारी एक सूची असते. एखाद्याने सूचीतील एक पान फाडून टाकले, तर त्यावरील पुस्तके कपाटातून नाहीशी होत नाहीत. ती कोठे आहेत हे सांगणारे मात्र कोणी उरत नाही. हार्ड डिस्कमध्येही अशीच सूची असते. आपण फाइल डिलीट करतो, तेव्हा संगणक बहुधा केवळ सूचीतील नोंद काढतो आणि ‘ही जागा आता मोकळी आहे’ अशी खूण करतो. फाइलीतील मजकूर चकतीवर तसाच राहतो. पुढे त्या जागी नवी फाइल लिहिली गेली, म्हणजेच तो खरोखर नष्ट होतो.

यावरून पहिला नियम आपोआप सिद्ध होतो. चूक ध्यानात येताच त्या यंत्रात काहीही नवे लिहू नये. अनेक घरांत फोनवरील छायाचित्रे रात्री आपोआप त्यात जमा होतात. ती व्यवस्था प्रथम थांबवावी. जेवढा वेळ यंत्र नवे लिहीत राहील, तेवढी जुनी जागा व्यापली जाण्याची भीती अधिक.

दुसरी गोष्ट म्हणजे सोप्या वाटा आधी पाहाव्या. जाळ्यावरून पुसलेली फाइल संगणकाच्या स्वतःच्या कचरापेटीत बहुधा जात नाही. परंतु नॅसची निराळी कचरापेटी असते. ती आधीपासून चालू ठेवलेली असेल, तर फाइल तेथे सुखरूप सापडते. काही यंत्रांत ‘स्नॅपशॉट’ घेण्याची सोय असते. ठरावीक वेळाने यंत्र आपल्या सूचीची त्या क्षणाची स्थिती नोंदवून ठेवते आणि तिच्यातील मजकुराला हात लावीत नाही. काल रात्रीचा स्नॅपशॉट असेल, तर कालपर्यंतचे सर्व काही परत मिळते.

या दोन्ही वाटा बंद असतील, तर मात्र जाणकाराचे साहाय्य घ्यावे. तो यंत्र रीतसर बंद करवितो. डिस्क एकाहून अधिक असतील, तर बाहेर काढण्यापूर्वी प्रत्येकीवर तिचा क्रमांक लिहितो. मग तो त्या डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतो आणि शोधाचे सारे काम प्रतीवरच करतो; मूळ डिस्कला धक्का लावीत नाही. फोटोरेक नावाची विनामूल्य संगणक-प्रणाली अशा कामी येते. ती सूचीकडे पाहतच नाही. चकतीवरील मजकूर वाचीत जाते. प्रत्येक जेपीईजी छायाचित्राचा आरंभ ठरावीक बाइटांनी होतो. तो आरंभ दिसला, की येथे छायाचित्र आहे हे ती ओळखते. अर्थात फाइलींची मूळ नावे सूचीबरोबरच गेलेली असतात. म्हणून सापडलेल्या फायली क्रमांक घेऊन येतात आणि काही अर्धवटही असतात. ज्या साधनांत फिरती चकती नसते, त्या एसएसडीमध्ये तर पुसलेली जागा यंत्र पुष्कळदा स्वतःच रिकामी करून टाकते. तेथे आशा फार थोडी.

अवशेषांवरून मूळ ओळखण्याचे हे काम किती सावधपणे करावे लागते, याचे एक उदाहरण अंबरनाथमध्येच आहे. तेथील प्राचीन शिवमंदिरात शिलाहार राजा मम्मुणी याच्या काळचा शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉक्टर भाऊ दाजी यांनी त्यातील वर्ष शके ७८२ असे वाचले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो लेख पुन्हा तपासला आणि ते शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० आहे, असे दाखविले. एका अंकाच्या वाचनाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलले! परंतु शिळा जागेवर होती, म्हणूनच दुसऱ्या विद्वानास ती पुन्हा वाचता आली. मूळ डिस्क न बिघडविता प्रतीवर काम करण्यात हेच शहाणपण आहे: पहिला प्रयत्न चुकला, तरी दुसऱ्यास वाव राहतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. काही यंत्रांत दोन डिस्क असतात आणि एकीवर लिहिलेले दुसरीवर आपोआप उमटते. एक डिस्क बिघडली, तरी दुसरी काम देते, हे खरे. परंतु आरशापुढील माणसाने दिवा मालवला, तर आरशातील दिवाही मालवतो. तद्वत एका डिस्कवरून पुसलेली फाइल दुसरीवरूनही त्याच क्षणी पुसली जाते. म्हणून अशा जोडीस स्वतंत्र प्रत मानू नये.

शिवाय संकट केवळ चुकीच्या बोटानेच येते असे नाही. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास नदीच्या खोऱ्यात महापूर आला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि एक हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. तळमजल्यावरील घरात पाणी शिरले, तर लोखंडी पेटी काय आणि नॅस काय, दोन्ही सारखीच. यासाठी जाणकारांनी एक सुटसुटीत नियम सांगितला आहे: मोलाच्या फाइलीच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी. ती दुसऱ्या गावच्या नातलगाकडे ठेवली तरी चालते. अधूनमधून ती उघडून पाहण्यास मात्र विसरू नये. न तपासलेल्या प्रतीचा भरवसा धरणे व्यर्थ होय.

पुसलेले परत मिळविण्याची विद्या उपयुक्त आहे, यात संशय नाही. परंतु तिला यश येते ते चूक वेळीच सांगितल्याने. शिक्षेच्या भीतीने मुलाने दोन दिवस मौन धरले, तर तेवढ्यात यंत्र जुन्या जागेवर नवे लिहून मोकळे होते. म्हणून चूक होताच ती घरात सांगावी, आणि वडीलधाऱ्यांनीही ती शांतपणे ऐकून घ्यावी. आजीचा आवाज पुन्हा ऐकू येण्याची आशा त्या एका गोष्टीवर अवलंबून असते.

स्वाध्याय

१. ग्रंथालयाची सूची आणि हार्ड डिस्कची सूची यांतील साम्य तुमच्या शब्दांत सांगा.
२. फाइल चुकून पुसली गेल्यावर यंत्रात नवे काही का लिहू नये?
३. अंबरनाथच्या शिलालेखाच्या उदाहरणावरून कोणता बोध होतो?
४. दोन डिस्कच्या जोडीस स्वतंत्र प्रत का मानू नये?
५. तुमच्या घरातील कोणत्या गोष्टींच्या तीन प्रती असाव्यात असे तुम्हांस वाटते? घरातील मंडळींशी बोलून यादी करा.