मुलांचे डोळे : वेळेत तपासा, वेळेत जपा



एरवी या पानावर आम्ही बेणे, लागण, खोडवा आणि खताचे हप्ते याविषयी लिहितो. यावेळी विषय निराळा आहे, पण उसापेक्षा जवळचा आहे. तो म्हणजे आपल्या पोरांचे डोळे. आम्ही काही डॉक्टर नाही. पण गटात फिरताना जे दिसलं आणि स्वतःच्या घरात जे सोसलं, ते डॉक्टरांकडून समजून घेऊन येथे मांडत आहोत.

आधी घरची गोष्ट. आमचा मुलगा नऊ वर्षांचा होईपर्यंत त्याला डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही याचा आम्हाला पत्ताच नव्हता. अभ्यासात बरा, खेळात पुढे, मग शंका यायची कशी? एक दिवस उजव्या डोळ्यात कुसळ गेलं म्हणून तो डोळा झाकून बसला आणि म्हणाला, "बाबा, कॅलेंडरवरचे आकडे दिसेनात." तपासणीत कळलं, दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक होता. चष्मा दिला, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावली. दोन वर्षांत फरक पडला, पण पुरता नाही. "पाचव्या वर्षी आणला असता तर बरं झालं असतं," एवढंच डॉक्टर म्हणाले.

आळशी डोळा म्हणजे काय?

मूल जन्मतः पुरतं पाहू शकत नाही. पहिल्या सात-आठ वर्षांत डोळा आणि मेंदू मिळून पाहायला शिकतात. एका डोळ्याचं चित्र पुसट येत असलं, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करतो. त्यालाच आळशी डोळा म्हणतात. उसाला नत्राचा शेवटचा हप्ता मोठ्या बांधणीला द्यायचा, हे तुम्ही जाणता. त्यानंतर पोती ओतली तरी गेलेला फुटवा परत येत नाही. डोळ्याचंही तसंच आहे. वय वाढेल तसा उपचाराचा गुण कमी येतो.

दुसरा डोळा चांगला असल्याने पोर तक्रार करत नाही. म्हणून घरीच पाहावे. मुलाला भिंतीवरच्या कॅलेंडरपासून दहा हातांवर उभे करा. आधी एक डोळा झाका, मग दुसरा, आणि आकडे विचारा. दोन्हीत फरक वाटला, की डॉक्टर गाठा. तक्रार नसली तरी शाळेत घालण्याआधी एकदा तपासणी कराच.

तिरळेपणा आणि चष्मा

तिरळं पोर भाग्याचं असतं, ही समजूत सोडून द्या. पहिले तीन-चार महिने तान्ह्या बाळाची नजर अधूनमधून हलते. त्यानंतरही डोळा वाकडा दिसला तर दाखवलाच पाहिजे. काहींचा तिरळेपणा नुसत्या चष्म्याने जातो, काहींना शस्त्रक्रिया लागते.

चष्म्याने नंबर वाढतो, हेही खरं नाही. अंगाबरोबर डोळा वाढतो, म्हणून लांबचा नंबर वाढतो. चष्मा न लावल्याने तो थांबत नाही. पोर फळ्याजवळ जातं, डोळे बारीक करतं, पुस्तक नाकाशी धरतं, ही त्याची लक्षणे. मोबाईल कमी करा आणि रोज दीड-दोन तास उघड्यावर खेळू द्या. उजेडात खेळणाऱ्या मुलांना हा नंबर कमी लागतो, असं आढळलं आहे. मुलीला चष्मा लागला तर लग्नाची काळजी करत तो लपवू नका. आंधळेपणाने अभ्यास करण्यापेक्षा चष्मा बरा.

थांबू नये अशी लक्षणे

१) काळ्या बाहुलीत पांढरी झाक दिसणे. मोतीबिंदू जन्मतःही असतो. शिवाय आतल्या पडद्याचा कर्करोगही असू शकतो. त्याच आठवड्यात दाखवा.

२) ३४ आठवडे भरण्याआधी जन्मलेले किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ. त्याच्या आतल्या पडद्याची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हावी लागते.

३) दिवेलागणीला पोर ठेचकाळणे. हा रातांधळेपणा, 'अ' जीवनसत्त्व कमी पडल्याचा. त्यासाठी १९७० पासून देशात डोस देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत नऊ डोस असतात, ते चुकवू नका. शेवग्याचा पाला, मेथी, करडईची भाजी, पपई, लाल भोपळा, अंडी हे ताटात असू द्या.

फडातले आणि घरातले धोके

उसाच्या पातीची धार आपल्याला माहीत आहे. पात डोळ्याला लागली की बुबुळावर जखम होते आणि तीत बुरशी शिरते. मग फूल पडून नजर जाते. अशा वेळी मेडिकलमधून कोणतेही थेंब आणून घालू नका. स्टिरॉईडच्या थेंबांनी बुरशी भडकते. पदराच्या टोकाने कचरा काढणे, एरंडेल किंवा मध घालणे हेही नको. काजळ तर तान्ह्याच्या डोळ्यात नकोच.

तंबाखूच्या चुन्याची पुडी पोराच्या हाती देऊ नका. ती दाबली, की चुना थेट डोळ्यात उडतो आणि बुबुळ भाजतं. तसं झालंच, तर क्षणाचा उशीर न करता स्वच्छ पाण्याने अर्धा तास डोळा धुवा आणि मगच दवाखान्याकडे पळा.

तपासणी कोठे?

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेतील मुलांना एकदा तपासतात. पुढची तपासणी जिल्हा रुग्णालयात करता येते. आपल्याच रेल्वे मार्गावर जालन्याला श्री गणपती नेत्रालय आहे.

शेवटी एक विनंती. ऊसतोडीच्या टोळ्यांची पोरं हंगामभर कोप्यांवर असतात. गावाकडे पथक येऊन जातं आणि ही पोरं राहून जातात. आपल्या फडाजवळ टोळी उतरली असेल, तर मुकादमाला सांगून त्या पोरांनाही तपासणीला पाठवा. त्यांच्या आईबापाच्या कोयत्यावरच आपला ऊस काट्यावर पोहोचतो.

आमच्याकडून एक वेळ चुकली. तुमच्याकडून चुकू नये, म्हणून हे लिहिले.