क्रोशाच्या सुईवरचे प्रवाळ

घरात क्रोशाचे विणकाम करणारे कोणी असेल, तर गोल रुमाल सपाट कसा बसतो ते विचारा. सुरुवातीला ६ टाके, मग दर फेरीला सहा-सहा वाढवायचे : ६, १२, १८, २४... सहाच का? वर्तुळाचा परीघ २πr. त्रिज्या एका टाक्याने वाढली, की परीघ २π, म्हणजे सुमारे ६.२८ टाक्यांनी वाढतो. (साधा टाका जवळजवळ चौकोनी असतो म्हणून हा हिशेब जमतो, उंच खांब विणले तर आकडा बदलेल.) आजीच्या बोटांना π ची किंमत ठाऊक असते, ती अशी!

आता नियम बदला. प्रत्येक टाक्यात दोन टाके घाला : ६, १२, २४, ४८, ९६, १९२. सहाव्या फेरीला रुमालात ३६ टाके होते, येथे १९२. त्रिज्या मात्र तेवढीच. एवढा परीघ सपाट मावणार कसा? कडेला चुण्या पडून झालर उठते. अशा पृष्ठभागाला गणितात अपास्तीय म्हणतात. यूक्लिडच्या भूमितीत रेषेबाहेरील बिंदूतून तिला समांतर अशी एकच रेषा जाते. येथे तिला न छेदणाऱ्या असंख्य रेषा जातात. बोल्याई व लोबाचेव्हस्की यांनी एकोणिसाव्या शतकात ही भूमिती मांडली, पण तिचे कागदी नमुने हाताळताना फाटत. १९९७ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात दायना तायमिन्या या गणितज्ञ बाईंनी ते क्रोशाने विणले.

ही झालर समुद्रात फार जुनी आहे. काही प्रवाळ, समुद्री गोगलगाई आणि शैवाले तशीच चुणीदार असतात. थोड्या जागेत जास्त पृष्ठभाग मिळाला, तर पाण्यातील अन्नकण आणि सूर्यप्रकाश दोन्ही जास्त मिळतात. प्रवाळाला प्रकाश हवा, कारण त्याच्या शरीरात राहणारी एकपेशीय शैवाले अन्न तयार करून त्यातला मोठा वाटा त्याला देतात.

हे साम्य मार्गारेट व क्रिस्टीन वर्थाईम या बहिणींनी हेरले. त्या ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या. तेथील किनाऱ्यालगतच ग्रेट बॅरिअर रीफ ही सुमारे २,३०० किलोमीटर लांबीची प्रवाळांची रांग आहे. २००५ मध्ये लॉस एंजेलिस येथे त्यांनी लोकरीचे प्रवाळ विणायला घेतले. टाके काटेकोर नियमाने वाढवले तर आकार फार नीटनेटके होत. वाढ कमीजास्त केली तेव्हा ते जिवंत दिसू लागले. पुढे अनेक देशांतील हजारो हात या शिल्पाला लागले. २०१९ मध्ये ते व्हेनिसच्या कलाप्रदर्शनात मांडले गेले.

त्यातला एक भाग नुसता पांढरा आहे. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश सेल्सिअसने जरी काही आठवडे जास्त तापले, तरी प्रवाळ आपल्यातील शैवाले बाहेर टाकतो. त्यांच्याबरोबर रंग जातो आणि अन्नही. पाणी लवकर निवले तर तो सावरतो, नाहीतर उपाशी मरतो. २०१६ ते २०२४ या काळात ग्रेट बॅरिअर रीफवर असे पाच वेळा मोठ्या प्रमाणावर घडले. शिल्पाचा आणखी एक भाग प्लॅस्टिकच्या पिशव्यांच्या पट्ट्या कापून विणला आहे. तो सुंदर दिसतो, हेच मला अस्वस्थ करते.

तुम्हीही दोन्ही नमुने विणून पाहा. सहा फेऱ्यांत रुमालाचे टाके होतात १२६, झालरीचे ३७८, म्हणजे तिप्पट पृष्ठभाग. सातवी फेरी घेण्यापूर्वी मात्र दोऱ्याचा गुंडा तपासा : तिला एकटीलाच ३८४ टाके लागतात, आधीच्या सहाही फेऱ्यांहून जास्त.