तक्रार आधी कागदावर

2 मार्च 2017 रोजी नाशिकजवळच्या देवळाली छावणीत, वापरात नसलेल्या एका बराकीत लान्स नाईक रॉय मॅथ्यू यांचा मृतदेह सापडला. त्याआधीच्याच आठवड्यात अधिकाऱ्यांची कुत्री फिरवणाऱ्या, त्यांच्या मुलांना शाळेत पोचवणाऱ्या जवानांचं छुपं चित्रीकरण बाहेर आलं होतं आणि मॅथ्यू त्यात बोलले होते. लष्कराने आत्महत्येची शक्यता वर्तवली, त्यांच्यावर कोणतीही चौकशी लावली नव्हती असंही सांगितलं. केरळातल्या घरच्यांना ते पटलं नाही. चित्रीकरण करणाऱ्या पत्रकारावर शासकीय गुपिते कायद्याखाली दाखल झालेला गुन्हा मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये रद्द केला, पण मॅथ्यू तोवर गेले होते.

2017 च्याच जानेवारीत सीमा सुरक्षा दलाच्या तेज बहादूर यादव यांनी पाणचट वरण आणि करपलेल्या पोळ्या मोबाइलवर दाखवल्या. मंजूर झालेली त्यांची ऐच्छिक निवृत्ती रोखली गेली आणि एप्रिलमध्ये ते बडतर्फ झाले.

वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यातला एक निवृत्त हवालदार भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना ही दोन्ही प्रकरणं सांगतो. त्यानेही एकदा दरबारात, म्हणजे अधिकारी-जवानांच्या सभेत, उभं राहून जवानांकडून करून घेतल्या जाणाऱ्या घरकामाबद्दल विचारलं होतं. तेव्हा कोणी रागावलं नाही. पुढच्या महिन्यात मात्र त्याची रजा नामंजूर झाली, प्रमोशन कॅडरच्या, म्हणजे बढतीसाठीच्या प्रशिक्षणाच्या, यादीतून नाव गळालं आणि उशिरा हजर झाल्याच्या एका जुन्या गोष्टीवर रेड इंक एन्ट्री, म्हणजे शिक्षेची लाल शाईतली नोंद, पडली. तक्रार केली म्हणून शिक्षा, असं कुठेच लिहिलेलं नसतं. सूड येतो तो बेशिस्तीच्या नावाने, आणि म्हणूनच तो सिद्ध करणं इतकं अवघड जातं.

त्याच्याकडे आलेल्या पोराला तो आधी वही उघडायला लावतो. तारीख, वेळ, जागा, हुकूम कोणी दिला, शेजारी कोण उभं होतं, एवढंच लिहायचं. ‘आमच्यावर अन्याय होतो’ हे वाक्य तो खोडून टाकतो. ते खरं असलं तरी चौकशीत टिकत नाही.

मग अर्ज. सेना अधिनियम, 1950 च्या कलम 26 नुसार जवानाने कंपनी कमांडरकडे तक्रार करायची. तक्रार त्याच्याचविरुद्ध असेल तर कमांडिंग ऑफिसरकडे. ज्याच्याकडे तक्रार येईल, त्याने शक्य तितकी पूर्ण चौकशी करणं कायद्याने बंधनकारक आहे. अर्जाची प्रत आणि पोच जपून ठेवावी. खोटेपणा मात्र अजिबात नको, कारण जाणूनबुजून खोटा आरोप केल्यास कलम 56 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नोकरीतल्या गोष्टी परवानगीशिवाय वृत्तपत्रांना सांगायलाही सेना नियम 21 मनाई करतो. व्हिडिओ टाकला की मूळ तक्रार बाजूला पडते आणि चर्चा त्या नियमभंगाचीच होते. कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली आणि आपल्या चारित्र्यावर शिंतोडे उडत असतील, तर नियम 180 प्रमाणे हजर राहून साक्षीदारांना प्रश्न विचारण्याचा हक्क मागावा, तोही लेखी.

सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ वाशिमच्या जवानालाही खुलं आहे. आधी खात्यातले मार्ग संपवावे लागतात. तक्रारीवर सहा महिने उत्तर आलं नाही तरी दार उघडतं, पण पुढे मुदत सहा महिन्यांचीच. एक गोष्ट मात्र खटकते. बदली आणि रजा हे विषय या न्यायाधिकरणाच्या कक्षेतच नाहीत, आणि सूड बहुतेकदा त्याच वाटेने येतो! अशा वेळी उच्च न्यायालयाखेरीज इलाज उरत नाही. जागल्यांना संरक्षण देणारा कायदा 2014 मध्ये संमत झाला, तोही लागू न करता तसाच ठेवला गेला. हे बदलायलाच हवं.

सीमा सुरक्षा दल किंवा केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या पोरांसाठी हे न्यायाधिकरण नाही. त्यांनी दलातल्या अपिलानंतर थेट उच्च न्यायालय गाठावं. वाशिमकरांना नागपूर खंडपीठ जवळचं.

गावाकडच्यांनी पोराने पाठवलेला व्हिडिओ गटागटांत फिरवू नये, त्याच्या फोनची मात्र वाट पाहावी. बोलणं तुटक झालं, झोप उडाली, ‘आता काही खरं नाही’ असं तो म्हणू लागला, तर 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक त्याला द्यावा. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी या सेवेचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला.