दुधाची बदली

महाराष्ट्रीय मध्यमवर्गीय घरात मधुमेहाचे निदान झाले, की पहिली संक्रांत साखरेवर येते, दुसरी भातावर, आणि तिसरी, पुष्कळदा कोणाच्याही रीतसर सल्ल्यावाचून, दुधावर. साखर आणि भात यांच्याविषयी डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि शेजारीपाजारी यांचे एकमत असल्यामुळे तेथे वादाला जागा उरत नाही. दुधाला मात्र नोकरीतल्या जुन्या कारकुनाप्रमाणे एका फटक्यात बडतर्फ केले जाते, आणि त्याच्या रिकाम्या जागेसाठी जे उमेदवार अर्ज घेऊन उभे राहतात, त्यांचे दाखले तपासण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. माझ्या रक्तशर्करेने मर्यादा ओलांडल्यानंतर सकाळची कॉफी आणि न्याहारी या दोन गोष्टींपुरती ही तपासणी मी बऱ्याच चिकाटीने केली, आणि तीतून जे हाती लागले ते, याच वाटेने जाऊ पाहणाऱ्यांची पायपीट वाचावी एवढ्याच हेतूने, येथे नमूद करीत आहे.

प्रथम दुधाविषयीच्या काही दृढ समजुती दूर करणे अगत्याचे आहे. गाईच्या दुधात दर १०० मिलिलिटरमागे साडेचार ते पाच ग्रॅम कर्बोदके असतात, म्हशीच्या दुधातही जवळजवळ तितकीच, आणि ती सर्व दुग्धशर्करेच्या, म्हणजे लॅक्टोजच्या, रूपात असतात. दुधातच कॉफी उकळून वर जायफळ किसण्याची आपल्याकडील चाल पाळणाऱ्याच्या एका मोठ्या पेल्यात दीडशे मिलिलिटर दूध सहज जाते. म्हणजे वरून साखरेचा कणही न घालता सात ग्रॅमच्या घरात शर्करा पोटात गेली, आणि असे तीन पेले झाले की ती वीसच्या पलीकडे पोहोचली. यावर घरोघर योजला जाणारा उपाय म्हणजे साय काढून घेणे अथवा पातळ दुधाची पिशवी आणणे. सायीबरोबर स्निग्धांश जातो, शर्करा जागच्या जागी राहते. सरकारी मानकांप्रमाणे फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश आणि ९ टक्के इतर घनपदार्थ असावे लागतात. डबल टोन्डमध्ये स्निग्धांश दीड टक्क्यावर उतरतो, पण इतर घनपदार्थ, ज्यांत लॅक्टोजचा वाटा सर्वांत मोठा, ते ९ टक्केच राहतात. मुंबईत १९४०च्या दशकात दारा खुरोडी यांनी म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून टोन्ड दुधाचा पायंडा पाडला, तो स्वस्त दूध अधिक लोकांपर्यंत पोहोचावे म्हणून. मधुमेह्यांची सोय हा त्यामागचा उद्देश कधीच नव्हता.

दुसरी समजूत शेळीच्या दुधाची. गांधीजींनी १९१२ साली टॉलस्टॉय फार्मवर दूध वर्ज्य केले आणि पुढे गंभीर आजारात केवळ शेळीच्या दुधापुरता तो निर्बंध शिथिल केला, ही हकीकत सर्वश्रुत असल्यामुळे त्या दुधाभोवती पथ्याचे एक वलय निर्माण झाले आहे. परंतु तो प्रश्न व्रताचा होता, आणि कर्बोदकांच्या दृष्टीने शेळी गाईपेक्षा फारशी उदार नाही. तिसरी समजूत लॅक्टोजमुक्त दुधाची, आणि ही सर्वांत फसवी. ज्यांना दूध पचत नाही त्यांच्यासाठी या दुधात एक विकर मिसळून लॅक्टोजचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे केलेले असतात. लॅक्टोज नाहीसा झाला तरी कर्बोदकांची बेरीज तीच राहते, उलट हे तुकडे जिभेला अधिक गोड लागतात. पोटाच्या तक्रारीवरचे हे औषध रक्तशर्करेच्या तक्रारीवर चालत नाही.

आता वनस्पतिजन्य उमेदवारांकडे वळू. आमच्या घरी त्यांतला पहिला आला तो ओटचा. मोठ्या दुकानातून आणलेल्या त्या देखण्या पाकिटावर ‘साखर घातलेली नाही’ असे ठळक अक्षरांत छापले होते, आणि सूनबाईंनी ते माझ्यापुढे धरून, “बाबा, आता निर्धास्त प्या, यात साखरच नाही,” असे मोठ्या समाधानाने सांगितले. कॉफी खरोखरच सुरेख झाली. दाट, फेसाळ आणि, चाणाक्ष जिभेला संशय यावा इतपत, आपसूक गोड. दुसऱ्या कोणत्याही खाद्यपदार्थाची भर न घालता तासाभराने बोटाला सुई टोचून पाहिले, तेव्हा यंत्रावरचा आकडा साध्या दुधाच्या कॉफीनंतर उमटणाऱ्या आकड्याहून तिसाच्या वर अधिक होता. पुन्हा पाहिले तरी निष्पत्ती तीच. पाकीट शब्दशः खोटे बोलत नव्हते. ओट हे मुळात पिष्टमय धान्य. ते पाण्यात वाटून त्यावर पिष्ट फोडणाऱ्या विकराची क्रिया केली, की पिष्टाची माल्टोज नावाची शर्करा होते, आणि पेयाला गोडी व ओघवतेपणा येतो. स्वीडनमधील लुंड विद्यापीठातील रिकार्ड ओस्टे यांनी १९९०च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीचे मर्मच हे आहे, आणि दूध न पचणाऱ्यांवर तिने मोठे उपकार केले आहेत. आपल्यापुरता मुद्दा इतकाच, की बाहेरून साखर घातली नाही तरी ती कारखान्यात आतल्या आत तयार झालेली असते. अशा पेयात दर १०० मिलिलिटरला सहा-सात ग्रॅम कर्बोदके सहज आढळतात, म्हणजे दुधाहूनही जास्त, आणि माल्टोज रक्तात उतरते ते लॅक्टोजपेक्षा कितीतरी वेगाने. तांदळाच्या पेयाची गत याहून वाईट; त्याचे नाव यादीतून आरंभीच खोडावे.

म्हणून पहिला नियम असा, की पाकिटाची दर्शनी बाजू ही जाहिरात समजावी आणि मागची बाजू हा दस्तऐवज. तेथील पोषणतक्त्यात ‘कार्बोहायड्रेट’ हा रकाना दर १०० मिलिलिटरसाठी काय सांगतो ते पाहावे. दोन ग्रॅमच्या आत असेल तर अर्ज विचारार्थ ठेवावा, चाराच्या पुढे असेल तर दुधाला काढून टाकण्याचे प्रयोजनच उरत नाही. केवळ ‘शुगर’चा रकाना पाहून भागत नाही, कारण माल्टोडेक्स्ट्रिन नावाचे एक पिष्टजन्य चूर्ण साखरेच्या रकान्यात बहुतांशी दिसत नाही, परंतु रक्तात मात्र साखरेच्याच तडफेने पोहोचते. त्याखालची घटकद्रव्यांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापण्याचा दंडक असल्यामुळे पहिली दोन-तीन नावे वाचली तरी पुष्कळ उलगडा होतो. बाजारातील बदाम दुधाच्या भुकट्यांत पहिले नाव बहुधा साखरेचे असते आणि बदाम कोठेतरी मागे ताटकळत उभे असतात. एकाच कंपनीचे एकाच रंगाचे दोन डबे शेजारीशेजारी मांडलेले असतात, त्यांपैकी ‘ओरिजिनल’ म्हणवणाऱ्यात सहसा साखर असते. आपल्याला हवा तो ‘अनस्वीटन्ड’. कचेऱ्यांतील बटण दाबून कॉफी देणारी यंत्रे आणि चहा-कॉफीसाठी विकल्या जाणाऱ्या पांढऱ्या भुकट्या यांच्याविषयी एवढेच सांगतो, की त्यांत साखर किंवा ग्लुकोज सिरप यांपैकी एकाची हजेरी जवळजवळ ठरलेली असते. तेथे काळी कॉफी मागावी आणि मुकाट्याने प्यावी.

या चाळणीतून जे पार पडले ते मोजकेच. बिनसाखरेच्या बदाम पेयात कर्बोदके एक ग्रॅमपेक्षा कमी असतात, पण त्याचे कारण फारसे गौरवास्पद नाही: पाकिटात बदाम दोन-तीन टक्के आणि उरलेले मुख्यतः पाणी. घरी करावयाचे तर तीसेक ग्रॅम बदाम रात्रभर भिजवून, सोलून, अर्धा लिटर पाण्यात बारीक वाटून मलमलच्या फडक्यातून गाळावेत. हे दूध फ्रीजमध्ये दोन दिवस टिकते, ठेवल्यावर पाणी खाली राहते म्हणून दर वेळी हलवून घ्यावे लागते, आणि चोथा बेसनाच्या धिरड्यात सत्कारणी लागतो. कॉफीत ते पातळ लागते हे खरे, पण जायफळ आणि वेलदोडा यांची जोड दिली तर साखर आणि साय या दोहोंची उणीव बरीचशी झाकली जाते.

सोयाबीनचे दूध हा या सर्वांत कर्तबगार उमेदवार. बिनसाखरेच्या सोया पेयात कर्बोदके बहुधा दोन ग्रॅमच्या आत आणि प्रथिने तीन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळजवळ गाईच्या दुधाइतकी. लातूरसारखी सोयाबीनची मोठी बाजारपेठ आपल्याच राज्यात असल्यामुळे घरी करणेही स्वस्त पडते. मात्र भिजवलेले दाणे कडकडीत पाण्याबरोबर वाटले नाहीत तर त्याला कच्च्या शेंगेचा उग्र वास येतो, आणि गाळलेले दूध पुरते उकळल्याखेरीज पिऊ नये, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अटकाव करणारी द्रव्ये असतात, ती उष्णतेनेच निकामी होतात. कॉफीत हे दूध फाटते, अशी तक्रार सार्वत्रिक आहे. कॉफी आम्लधर्मी, त्यात उष्णता, आणि सोयाची प्रथिने या दोहोंच्या माऱ्यापुढे गोठतात. यावर तोड म्हणजे दूध आधी कोमट करून त्यात कॉफी हळूहळू ओतावी, थंड दूध उकळत्या कॉफीत कधीही ओतू नये, आणि कॉफी जरा गडद भाजलेली घ्यावी, कारण तिच्यात आम्लता कमी असते. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी मात्र सोया आणि कॉफी या दोहोंमध्ये आणि गोळीमध्ये डॉक्टर सांगतील तितके अंतर ठेवावे, कारण दोन्ही त्या औषधाच्या शोषणात व्यत्यय आणतात.

कोकण आणि गोवा येथल्या घरांना नारळाच्या दुधाची ओळख करून देण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. पहिले जाड दूध स्निग्धांशाने इतके संपन्न असते, की कॉफीच्या पेल्यात दोन चमचे पुरेत, आणि त्यांतून येणारी कर्बोदके नगण्य; ते उकळले तर फुटते, म्हणून आचेवरून उतरल्यावर घालावे. भिजवलेला सब्जा, भाजलेले जवस आणि सूर्यफुलाच्या बिया यांवर हेच दूध पातळ करून ओतले तर बरी न्याहारी होते. या जातीचाच दुसरा पर्याय आपल्या फडताळातच असतो: काळ्या कॉफीत घरची साय घोटून घालणे. एक मोठा चमचा सायीत अर्ध्या ग्रॅमइतकीही शर्करा येत नाही. नारळाचे दूध आणि साय या दोहोंत संपृक्त स्निग्धांश मुबलक असल्यामुळे ज्यांच्या कोलेस्टेरॉलवर आधीच शेरा पडला आहे, त्यांनी चमच्याची मर्यादा ओलांडू नये.

एवढ्यावर हा लेख संपला असता, परंतु खरी खबरदारी यापुढेच आहे. दूध घरात केवळ शर्करा घेऊन येत नव्हते. बदाम पेयावर सकाळ काढू लागल्यानंतर अकराच्या सुमारास पोटात जी खळगी पडू लागली, तिने ही गोष्ट माझ्या ध्यानी आणली. पेलाभर दूध सहा-सात ग्रॅम प्रथिने देते, बदाम पेय जेमतेम एक-दीड. दुधातला कॅल्शियमही घरगुती वनस्पतिजन्य दुधात जवळजवळ नसतो; पाकिटातल्या पेयात तो वेगळा मिसळलेला असला तर तळाशी बसतो, म्हणून डबा न हलवता ओतणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. सर्वांत मोठी उणीव ब-१२ जीवनसत्त्वाची. शाकाहारी माणसाच्या ताटात ते प्रामुख्याने दूधदुभत्यातूनच येते. आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे अतिपरिचित औषध दीर्घकाळ घेतल्यास या जीवनसत्त्वाचे शोषण मुळातच घटू शकते. शाकाहार, मेटफॉर्मिन आणि दुधाची बडतर्फी हे तीन योग एकत्र जुळले, की हातापायांना मुंग्या येऊ लागतात आणि मनुष्य त्याचे खापर मधुमेहावर फोडून मोकळा होतो. डॉक्टरांनी माझी ब-१२ची तपासणी करवून घेतली आणि स्पष्ट शब्दांत बजावले, “दूध सोडा हो, पण दुभतं सोडू नका.”

या एका वाक्यात सगळी तजवीज सामावली आहे. दह्याचा चक्का टांगला किंवा दूध नासवून पनीर केले, की बरीचशी दुग्धशर्करा पाण्याबरोबर निघून जाते आणि प्रथिने मागे राहतात. म्हणून कॉफीत बदाम, सोया अथवा साय, आणि न्याहारीला बिनसाखरेचा चक्का किंवा पनीर, चालत असेल त्यांना अंडे, अशी कामाची वाटणी मी केली आहे. ज्यांची औषधे रक्तशर्करा वेगाने उतरवणारी आहेत, किंवा जे इन्सुलिन घेतात, त्यांनी ही वाटणी परभारे अमलात आणू नये. कर्बोदके घटली आणि गोळीची मात्रा तीच राहिली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरते.

आणि शेवटी प्रमाणाचे भान. पन्नास ग्रॅम कोरड्या पोह्यांत सुमारे ३८ ग्रॅम कर्बोदके असतात, आणि त्यात बटाटा पडला तर अधिक. कॉफीतले दूध बदलून वाचतात ती पाच-सात. दुधाच्या पर्यायासाठी महिन्याला शेकडो रुपयांची पाकिटे रिचवून रोज पोह्यांची भरली बशी पुढे ओढणाऱ्याने आधी ती बशी अर्धी करावी, तिच्यात शेंगदाणे आणि मोडाची मटकी घालावी, आणि दुधाचा विचार त्यानंतर करावा. तेवढ्याने आकडा ताळ्यावर आला, तर पूर्वीच्या दुधाचीच अर्धा पेला कॉफी डॉक्टर बहुधा नाकारणार नाहीत, आणि बदलीचा हा सारा खटाटोप करण्याची गरजच कदाचित पडणार नाही.