गाळलं, उकळलं, पण तपासलं का?

नळाला दुहेरी कापड बांधणं आणि पावसाळ्यात पाणी खळखळ उकळून मगच माठात ओतणं हे आपल्या घराघरातलं जुनं आरोग्यशास्त्र आहे. टायफॉइड, कावीळ आणि जुलाबांपासून त्याने असंख्य मुलं वाचवली आहेत, त्यामुळे त्याची थट्टा करण्याचं कारण नाही. पण ज्या शत्रूसाठी ही सवय जन्माला आली तो शत्रू जिवंत होता. न्यू जर्सीत हिल्सबरो, माँटगोमेरी किंवा होपवेलच्या बाजूला जमिनीसकट घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाच्या नळातून जे येऊ शकतं, ते बहुधा जिवंत नसतं. ते पाण्यात विरघळलेलं असतं. खडकातलं आर्सेनिक, खताचं आणि सेप्टिक टँकचं नायट्रेट, जुन्या जोडाचं शिसं, कारखान्यांतून आलेली ‘पीफास’ रसायनं. यातलं काहीही कापडात अडकत नाही, उकळल्याने मरत नाही, डोळ्याला दिसत नाही आणि जिभेला कळत नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की, नव्या देशातल्या घरात पाण्यावर इलाज करण्याआधी पाण्याचं निदान करा. ताप कशाचा आहे हे न पाहता गोळी देणारा डॉक्टर आपण चालवून घेत नाही. घरच्या पाण्याला मात्र आपण वर्षानुवर्षं निदानाशिवाय औषध देत राहतो.

उकळण्याचाच हिशेब करू. जंतू मारायला पाणी चांगलं खळखळल्यानंतर एक मिनिट पुरतं, पण आपल्याकडे ते गॅसवर बराच वेळ ठेवायची पद्धत आहे. तीन लिटर पाणी आटून दोन लिटर झालं, तर वाफ उडून जाते आणि आर्सेनिक भांड्यातच राहतं. लिटरमागे 8 मायक्रोग्रॅम असलेलं प्रमाण 12 वर जातं. नायट्रेटचंही तसंच. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट जास्त असेल आणि तेच पाणी ‘बाळासाठी आहे’ म्हणून जास्त उकळून बाटलीच्या दुधाला वापरलं, तर काळजीपोटी केलेली गोष्टच घात करते. पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन नायट्रेटमुळे प्राणवायू वाहण्याच्या कामातून बाद होऊ शकतं आणि बाळ निळसर दिसू लागतं. अमेरिकेत नायट्रेटची मर्यादा नायट्रोजनच्या हिशेबाने लिटरमागे 10 मिलिग्रॅम ठरवली आहे, ती मुख्यतः या तान्ह्यांसाठीच.

जंतू गेले म्हणजे पाणी शुद्ध झालं, या समजुतीची किंमत आपल्या उपखंडाने मोजलेली आहे. तळ्या-डबक्यांचं पाणी पिऊन पटकी आणि जुलाबांनी मुलं दगावत होती, म्हणून 1970 च्या दशकात बांगलादेशात आणि पश्चिम बंगालमध्ये गावोगावी कूपनलिका खोदल्या गेल्या. हेतू चांगला होता आणि पाणीही काचेसारखं नितळ होतं. फक्त त्या पाण्यात आर्सेनिक आहे का, हे कुणी पाहिलं नाही. 1983 मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी खेड्यांतून आलेल्या रुग्णांच्या तळहातावरच्या घट्ट्यांचं आणि छातीपाठीवरच्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं कारण ओळखलं, तोवर लाखो लोक ते पाणी पीत आले होते. पुढे बांगलादेशात तपासणी करून धोक्याच्या नळ्या लाल आणि बऱ्या नळ्या हिरव्या रंगवल्या गेल्या, तेव्हा एकाच वाडीत लाल नळीपासून काही पावलांवर हिरवी नळी निघाली. ‘शेजाऱ्यांचं पाणी चांगलं आहे, मग आमचंही असणार’ या युक्तिवादाला याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही.

हे बंगालचं झालं, अमेरिकेत कसलं आर्सेनिक, असं कुणी विचारेल. मध्य न्यू जर्सीतल्या हंटरडन, सॉमरसेट आणि मर्सर या काउंट्यांच्या बऱ्याच भागाखाली तांबड्या-काळ्या पाटीच्या दगडांचे थर आहेत. त्या थरांत निसर्गतःच आर्सेनिक आहे आणि ते झिरपून विहिरीत उतरतं. हा धोका ओळखूनच न्यू जर्सीने 2006 मध्ये आपली मर्यादा लिटरमागे 5 मायक्रोग्रॅमवर आणली. अमेरिकेची राष्ट्रीय मर्यादा 10 आहे, आणि भारतीय मानकही 10 चंच. पण या मर्यादा पाळण्याची सक्ती सार्वजनिक पाणीपुरवठ्यावर आहे. तुमच्या आवारातली खासगी विहीर, म्हणजे आपल्या भाषेत बोअर, तिच्यावर केंद्र सरकारच्या पिण्याच्या पाण्याच्या कायद्याचा अंमल नाही. तिथे पाणीपुरवठा खातंही तुम्ही आणि निरीक्षकही तुम्हीच. भारतातून आलेल्या घरमालकाच्या मनात ही गोष्ट लवकर ठसत नाही, कारण ‘इथे सगळं तपासलेलंच असतं’ हा विश्वास घेऊनच आपण त्या देशात पाय ठेवतो. न्यू जर्सीत घर विकताना विहिरीचं पाणी तपासून घ्यावं लागतं. तो कायदा 2001 चा आहे आणि 2021 च्या डिसेंबरपासून त्या तपासणीत काही पीफास रसायनंही घेतली आहेत. विक्री झाली की कायद्याचं काम संपतं. त्या घरात तुम्ही वीस वर्षं राहिलात, तरी पुन्हा तपासा म्हणून तुमचं दार कुणी वाजवणार नाही. घर घेताना मिळालेला अहवाल कागदपत्रांच्या फायलीतून शोधून काढा आणि त्यावरची तारीख पाहा. 2021 च्या आधीचा असेल, तर पीफास त्यात बहुधा नसेलच.

‘पण आमच्याकडे टीडीएस मीटर आहे आणि आकडा छान येतो,’ हा आक्षेप सुशिक्षित घरांतून हमखास येतो. ते पेनासारखं यंत्र पाण्यात विरघळलेल्या क्षारांची ढोबळ बेरीज सांगतं, त्यातला कोणता क्षार किती हे सांगत नाही. समजा, मीटरने लिटरमागे 300 मिलिग्रॅम दाखवले. 5 मायक्रोग्रॅम आर्सेनिक हा त्याचा साठ हजारावा भाग झाला. तो वाढून दुप्पट-चौपट झाला, तरी मीटरचा आकडा जागचा हलणार नाही. याउलट निव्वळ कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे आकडा मोठा येतो आणि निरुपद्रवी पाण्याची धास्ती बसते. भारतात ‘आरओ’च्या विक्रीने या मीटरला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिला वैद्यकीय आधार नाही. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी टीडीएसच्या पाण्याला आरओ वापरण्यावर बंदी घालण्याचे निर्देश दिले, त्यामागेही विनाकारण पाणी वाया जातं हाच विचार होता.

आता जरा वजनदार आक्षेप. तपासणीला काही शे डॉलर लागतात, मग तेच पैसे घालून थेट उत्तम आरओ का बसवू नये? यात तथ्य आहे. चांगलं आरओ यंत्र आर्सेनिक, नायट्रेट, शिसं आणि पीफास ही सगळीच बऱ्यापैकी कमी करतं. तरीही मी आधी तपासणी सांगतो, कारण भूजलातलं आर्सेनिक दोन रूपांत असतं आणि त्यातलं एक रूप आरओच्या पडद्यातून बरंच निसटतं. ते आधी क्लोरीनसारख्या गोष्टीने दुसऱ्या रूपात बदलून घ्यावं लागतं. पाण्यात किती आर्सेनिक आहे हेच ठाऊक नसेल, तर यंत्र काम करतंय की नुसतं आवाज करतंय हे कळायला मार्ग राहत नाही. शिवाय पडदा जुना होतो आणि त्याची धार मंदावली तरी पाण्याची चव तीच राहते. म्हणून बसवण्याआधी एकदा आणि बसवल्यावर पुन्हा एकदा पाणी तपासायला द्यावं. यंत्र घेताना त्याचं प्रमाणपत्र नेमक्या कोणत्या घटकासाठी आहे तेही वाचावं. कोळशाच्या साध्या जगमधून आर्सेनिक जवळजवळ तसंच खाली येतं आणि पाणी मऊ करणारं मिठाचं यंत्रही त्यावर चालत नाही. आपल्या स्वयंपाकाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. पाश्चात्त्य घरात गाळलेलं पाणी म्हणजे मुख्यतः प्यायचं पाणी. आपल्याकडे कुकरमधला भात आणि वरण पाणी पूर्ण शोषून घेतात, आमटी उकळून आटते, चहा दिवसातून तीनदा होतो. प्यायला आरओ आणि भाताला सिंकचा नळ असं चालू असेल, तर आर्सेनिक तोंडात जातंच. आंघोळीला, कपड्यांना मात्र हे पाणी सहसा चालतं, कारण आर्सेनिक कातडीतून फारसं शिरत नाही. त्यामुळे पाण्यात फक्त आर्सेनिक थोडं जास्त असेल, तर अख्ख्या घराचं महागडं यंत्र घ्यायचा आग्रह धरणाऱ्याला आधी कारण विचारा.

एडिसनसारख्या ठिकाणी ज्यांच्या घरात सार्वजनिक पुरवठ्याचं पाणी येतं, त्यांचं काम सोपं आहे. पुरवठादाराला दरवर्षी 1 जुलैपर्यंत ग्राहकांना पाण्याच्या गुणवत्तेचा अहवाल द्यावा लागतो. तो वाचायचा. पण तो अहवाल मुख्यतः पुरवठ्याच्या पाण्याची हकिगत सांगतो, तुमच्या घरात शिरणाऱ्या नळीची नाही. अमेरिकेत शिशाच्या नळ्यांवर बंदी आली ती 1986 मध्ये. त्याआधीच्या घराला शिशाची नळी किंवा शिशाचं डाख असू शकतं. न्यूअर्क शहराने तीन वर्षांच्या आत सुमारे 23 हजार शिशाच्या नळ्या बदलल्या, यावरून प्रश्नाचा आकार लक्षात यावा. तळघरात जिथे नळी भिंतीतून आत येते तिथे किल्लीने हलकेच खरवडून पाहा. धातू मऊ निघाला, चंदेरी चमकला आणि लोहचुंबक चिकटला नाही, तर ते शिसं असण्याची शक्यता दाट. रात्रभर नळीत साचून राहिलेल्या पाण्यात शिसं सर्वांत जास्त उतरतं, आणि गरम नळाच्या पाण्यात गारपेक्षा अधिक. म्हणून चहा लवकर व्हावा म्हणून गरम नळाचं पाणी आधणाला घेऊ नये, बाळाच्या दुधाला तर नाहीच. पितळेच्या जुन्या भांड्यांतूनही शिसं उतरू शकतं, हे देशातून हौसेने भांडी नेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. न्यू जर्सीत एक आणि दोन वर्षांच्या मुलांच्या रक्तातलं शिसं तपासायचं असतं. त्या तपासणीला कधीही फाटा देऊ नका. मुलांच्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही. रक्ताच्या दर डेसिलिटरमागे 3.5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आलं, तर शिसं कुठून येतंय याचा माग काढायला डॉक्टरांना सांगा.

‘आम्हाला तर काहीच त्रास नाही’ हे वाक्य या विषयात अजिबात दिलासा देणारं नाही. आर्सेनिकचा परिणाम वर्षानुवर्षांच्या थेंबाथेंबाने होतो. मूत्राशयाच्या, फुप्फुसाच्या आणि त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हृदयविकाराशीही त्याचा संबंध आहे, आणि न्यू जर्सीत सापडणाऱ्या प्रमाणात हातावर घट्टे येऊन कुणी वेळीच सावध होईल अशी आशा धरता येत नाही. पाण्यात ते जास्त निघालं आणि शरीरात किती गेलं ते पाहायचं असेल, तर रक्तापेक्षा लघवीची तपासणी उपयोगी पडते. त्याआधी तीन दिवस मासे, कोळंबी, खेकडे खाऊ नका. त्यांच्यातलं निराळ्या जातीचं, बिनविषारी आर्सेनिक आकडा फुगवतं आणि घरभर घबराट उडते. मत्स्याहारी कोकणी-गोवेकर घरांनी हे आधीच लॅबला सांगितलं पाहिजे.

विहीर असेल तर जंतू आणि नायट्रेटची तपासणी दरवर्षी करावी, शक्यतो वसंतात बर्फ वितळून पाऊस पडून गेल्यावर, कारण वरची घाण खाली उतरायचे तेच दिवस. आर्सेनिक आणि पीफास दर तीन-पाच वर्षांनी पाहिले तरी चालतील. घरात गर्भवती असेल किंवा बाळ येणार असेल, तर मात्र थांबू नका, लगेच सगळं तपासा. देशातून आई-वडील सहा महिन्यांसाठी येणार असतील आणि त्यांना रक्तदाब असेल, तर पाणी मऊ करणारं यंत्र कॅल्शियमच्या बदल्यात पाण्यात सोडियम सोडतं हे ध्यानात घेऊन स्वयंपाकघरातला गार पाण्याचा नळ त्या यंत्राच्या आधीच्या नळीला जोडून घ्या. प्लंबरच्या दृष्टीने ते छोटंसं काम आहे. आणि तुम्ही स्वतः उन्हाळ्यात महिना-दीड महिना पुण्या-मुंबईला जाऊन परतलात, की सामान उघडण्याआधी प्रत्येक गार नळ काही मिनिटं पूर्ण सोडा, आरओची टाकी एकदा रिकामी करा, मगच चहाचं आधण ठेवा.