दारातली मोरी आणि आठवीतलं वर्तुळ



आपल्या बारामती-इंदापूर भागात रस्ता आणि घर यांच्यामध्ये बऱ्याच ठिकाणी चारी असते. गाडी, ट्रॅक्टर दारात यावा म्हणून आपण तिच्यात सिमेंटचा पाईप टाकतो, वर मुरूम पसरतो. झाली मोरी! पण पाईप केवढा घ्यायचा हे कशावरून ठरवतो? बहुतेक वेळा शेजाऱ्याने टाकला तेवढाच.

मीही तेच केलं. ३०० मिमीचा, म्हणजे १२ इंची पाईप टाकला. सप्टेंबरअखेरच्या एका रात्री जोराचा पाऊस झाला, पाईपच्या तोंडाशी उसाचं पाचट अडकलं आणि चारीचं पाणी वळून शेजारच्या वहिनींच्या घरात शिरलं. धान्याची पोती भिजली. वर्षानुवर्षं वर्गात वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकवणारा मी, स्वतःच्या दारात ते वापरायला विसरलो होतो.

आपण कुठे फसतो?

आपला भाग पर्जन्यछायेतला. चारी वर्षातले बरेच महिने कोरडी दिसते, म्हणून छोटा पाईप पुरेसा वाटतो. पण परतीचा पाऊस येतो तेव्हा एकदम येतो. सप्टेंबर २०१९ मधला कऱ्हेचा पूर आणि ऑक्टोबर २०२० मधला इंदापूर तालुक्यातला पाऊस आठवून पाहा. मोरी कोरड्या चारीसाठी नसते, त्या एका तासासाठी असते.

गणित करू या

१. चारीत किती जमिनीचं पाणी येतं? समजा १० एकर, म्हणजे सुमारे ४ हेक्टर.

२. तासाला ६० मिमी पाऊस धरू. १ हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. म्हणून ४ × ६० × १० = २४०० घनमीटर.

३. थोडं पाणी जमिनीत मुरतं. ४० टक्के वाहून येतं असं धरलं, तर तासाला ९६० घनमीटर. ३६०० ने भागलं की सेकंदाला सुमारे २६७ लिटर.

४. आता पाईप. पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर धरू. क्षेत्रफळ = πr².
३०० मिमी: सुमारे ७१ लिटर
४५० मिमी: सुमारे १५९ लिटर
६०० मिमी: सुमारे २८३ लिटर

पाहिलंत? व्यास दुप्पट केला की पाणी दुप्पट नाही, चौपट जातं! म्हणजे ३०० चे दोन पाईप मिळून ६०० च्या एकाची बरोबरी करत नाहीत, चार लागतात. आणि ६०० चा पाईपसुद्धा इथे जेमतेमच. पाचट आणि गाळ धरला तर ९०० मिमीचा किंवा ६०० चे दोन घेतलेले बरे. पाईप मोठा असला की साफही करता येतो.

पाईप टाकताना

- चारी कालव्याची असेल तर पाटबंधारे खात्याची, रस्त्याकडेची असेल तर ज्यांचा रस्ता त्यांची लेखी परवानगी आधी घ्या.
- पाईपचा तळ चारीच्या तळाला जुळवा. वर ठेवला तर मागे पाणी तुंबतं.
- १०० ला १ उतार द्या. अडीच मीटरचे तीन पाईप जोडले तर साडेसात मीटरला साडेसात सेंटीमीटर. पाणी भरलेल्या लेव्हल पाईपने हे मोजता येतं.
- खाली मुरमाचा थर नीट ठोकून घ्या. दोन्ही तोंडांना भिंत बांधा आणि पाणी पडतं तिथे दगड लावा, नाहीतर माती वाहून जाते.
- वरचे आकडे शिकण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्यक्ष काम करताना जागा अभियंत्याला दाखवा.

वर्गात करून पाहा

आलेखाच्या कागदावर ३ सेंमी आणि ६ सेंमी व्यासाची वर्तुळं काढून आतले चौकोन मोजायला सांगा. सूत्र आधी सांगू नका. मग मुलांना घराजवळच्या मोरीचा व्यास मोठ्या माणसांसोबत, चारी कोरडी असताना मोजून आणू द्या आणि विचारा: "वरून किती एकरांचं पाणी येतं? ही मोरी पुरेल का?"

माझ्या दारात आता ९०० चा पाईप आहे. पावसाळ्याआधी त्याचं तोंड साफ करायला वहिनींचा नातूही येतो. तो आठवीत आहे, आणि πr² त्याला पाठ करावं लागलं नाही.