जुनी लेन्स घेताना : पितळ नको, काच पाहा

आमचा धंदा कापडाचा. वरची घडी पाहून तागा घेणारा बुडतो, हे आम्ही दुसऱ्यांना सांगत आलो. आणि लेन्स घेताना स्वतःच बुडालो.

आमच्या घरी वडिलांच्या वेळचा मोठा लाकडी कॅमेरा पडून होता, साडेसहा बाय साडेआठ इंची प्लेटचा. आपला मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात; सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ मोठ्या काचेच्या प्लेटांवरच काम करीत. खुलताबादेत उरुसाला येणाऱ्यांचे तसेच फोटो काढावेत, असे पुतण्याच्या मनात आले. लेन्स गायब होती. आम्ही मुंबईहून एक चकचकीत पितळी लेन्स आणली. चेहरा मधोमध झकास, चारी कोपरे मात्र काळे! ती निघाली पडद्यावर स्लाइड दाखवण्याच्या यंत्राची.

1840 साली पेट्झव्हाल यांनी चेहऱ्यासाठी जी लेन्स बसवली, तिचीच मांडणी पुढे या यंत्रांतही आली. पण प्रकाश कमी-जास्त करायची सोय बहुधा नसते आणि उजेडाचा गोल लहान पडतो. अस्सल मोठी पेट्झव्हाल शौकिनांनी महाग करून ठेवली आहे. तिच्या मागे लागू नये.

दुकानातच एक परीक्षा करावी. लेन्स भिंतीसमोर धरून खिडकीबाहेरचे झाड भिंतीवर स्पष्ट उमटवावे. लेन्सच्या मध्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर म्हणजे साधारण तिची नाभी. गोलाची रुंदीही तिथेच कळते. आमच्या प्लेटचा कर्ण पावणेअकरा इंच. गोल त्याहून मोठा हवा आणि चेहऱ्यासाठी नाभी चौदा ते सोळा इंच. पण आधी कॅमेऱ्याचा भाता मोजा : चौदा इंची लेन्सने चेहरा पाव आकारात घ्यायचा तर भाता साडेसतरा इंच उघडावा लागतो.

स्वस्तात दोन जाती मिळतात. एक, 1866 पासूनची रॅपिड रेक्टिलिनियर, एफ 8 ची. दुसरी, छापखान्यातल्या ब्लॉक-कॅमेऱ्याची, एफ 9 किंवा 10 ची. ते काम संगणकावर गेल्यावर या लेन्सा भंगाराच्या भावाने निघाल्या. दुसरी फार धारदार, सुरकुतीसुद्धा सोडत नाही. वयस्कर माणसांसाठी आम्हांला रेक्टिलिनियर बरी वाटते. तिचे पुढचे-मागचे भाग जवळपास सारखेच असतात. दोन्ही आहेत ना, हे फिरवून काढून पाहावे. एकच असेल तर नाभी दुपटीच्या आसपास जाते.

मग कापडासारखीच उजेडासमोर धरा. मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. कडेला इंद्रधनुषी डाग म्हणजे काचांचा सांधा सुटलेला. असा माल सोडावा. एखाद-दुसऱ्या ओरखड्याने फोटो बिघडत नाही. उलट तो दाखवून भाव पाडावा. बसवायची कडी नसेल तर लेथवाल्याची मजुरी किमतीत धरावी. परतीची बोली आधीच करावी. आम्ही केली नव्हती.

शटर नाही म्हणून डरू नये. मंद फोटो-कागदावर, ओसरीच्या सावलीत सेकंद-दोन सेकंद लागतात. टोपी काढायची, मोजायचे, लावायची. गिऱ्हाईक हलू नये म्हणून पाठीशी टेकू द्यावा.

पुतण्याने नंतर छापखान्याची चौदा इंची लेन्स आणली. आमची पितळी लेन्स गल्ल्यावर बिलांचे कागद दाबायला आहे.